विचारून लिहायला शिकवणारी फरीदा

त्या दिवशी सकाळी मी फुलंब्रीहून एसटीनं कॉलेजला निघाले होते. हर्सूल यायच्या थोडं आधी फोनवर आमच्या कॉलेजात शिकून गेलेल्या वैष्णवीचा निरोप आला. ‘फरीदा मॅडम आज सकाळी सहा वाजता गेल्या. त्यांच्या भावाशी बोलून खात्री केली आहे. दफन दुपारच्या नमाजनंतर आहे. कुठल्या कब्रस्तानात ते अजून ठरलेलं नाही, ठरलं की कळवते.’ मी तो निरोप दोनदा वाचला. रडू लगेच आलं नाही. आधी मनात आलं की फरीदानं हा वाचला असता तर खूश झाली असती. जे माहीत आहे ते सांगितलंय, जे माहीत नाही तेही तसंच सांगितलंय, उगाच एक शब्द जास्तीचा नाही… शेजारच्या बाईनं विचारलं, “काय झालं ताई?” तेव्हा मात्र मी फोनच तिच्यापुढे धरला.

फरीदा आणि मी वीस वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात या कॉमर्स कॉलेजात रुजू झालो. मी मराठी शिकवते, ती व्यावसायिक संवाद शिकवायची. म्हणजे अर्ज, चौकशीची पत्रं, तक्रारींना उत्तरं, अलीकडे ईमेल. ती मूळची सोयगावची, तिथल्या मराठी शाळेत शिकलेली. नंतर घरचे शहरात, शहागंजला आले आणि तिच्या भावानं, सलीमभाईंनी, कापडाचं दुकान टाकलं. रागावली की ती सोयगावची मराठी बोलायची आणि लाडात आली की घरातली दखनी उर्दू. वर्गात कडक होती. उशिरा येणाऱ्याला दारातच थांबवून उशीर का झाला ते दोन ओळींत लिहून मागायची. “‘अपरिहार्य कारणास्तव’ लिहिलंस तर आत घेणार नाय. बस चुकली असंल तर बस चुकली लिही.” पोरं हसायची, पण लिहायची. आम्ही दोघी स्टाफरूममध्ये एकाच टेबलाला बसायचो आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तिचीच, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं.

मग पत्रं लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता मुलांच्या फोनमध्ये आली. एका दिवाळीनंतर फरीदाच्या टेबलावर साठ पत्रं आली आणि साठही एकाच घरात वाढल्यासारखी. तेच गोड इंग्रजी, तीच ‘आपण कुशल असाल अशी आशा आहे’ या अर्थाची सुरुवात. फरीदा चवताळली. प्रत्येक पत्र संशयानं वाचायला लागली. त्याच भरात तिनं एका मुलीच्या पत्रावर लाल पेनानं लिहिलं, ‘हे तुझं नाही.’ ती मुलगी म्हणजे वैष्णवी. माझ्याच बसनं फुलंब्रीहून येणारी, शेतकऱ्याच्या घरातली, फारसं न बोलणारी. दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. हातात वही होती. त्या एका पत्राचे चार कच्चे मसुदे त्यात होते, खाडाखोड केलेले, एका पानावर चहाचा डाग पडलेला. ती म्हणाली, “मॅडम, मला चांगलं लिहिता येत नव्हतं, म्हणून चारदा लिहिलं.”

फरीदानं ती पानं उलटून पाहिली. त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही. पुढच्या तासाला ती वर्गात उभी राहून म्हणाली, “मी वैष्णवीवर खोटा आळ घेतला. न विचारता लिहिलं. माझी चूक झाली.” वीस वर्षांत मी एकाही प्राध्यापकाला वर्गासमोर असं बोलताना पाहिलं नव्हतं. मुलांनीही पाहिलं नसावं. हे सगळं नंतर वैष्णवीनंच मला सांगितलं.

इथं मला माझ्याबद्दल थोडं लिहायला पाहिजे. त्याच महिन्यात आमच्या प्राचार्यांनी कॉलेजात या साधनांवर पूर्ण बंदी घालायचा ठराव मांडला आणि सही करणाऱ्यांत माझं नाव पहिलं होतं. मला वाटायचं, भाषा वाचवायची तर हे दार बंदच केलं पाहिजे. फरीदानं सही केली नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर ती मला म्हणाली, “सुनंदा, कॉलेजात बंद करशील. वाळूजच्या कारखान्यांच्या हापिसात कोण बंद करणार? तिथं ही पोरं न शिकता वापरतील. मग गिऱ्हाइकाला काय काय लिहून पाठवतील, तुला ठावं हाय?” मी चिडून म्हणाले, “म्हणजे चोरी करायला शिकवायचं का?” महिनाभर आमचं बोलणं बंद होतं. टेबल एकच, पण चटणीची डबी माझ्याच बाजूला राहायची. आज त्या महिन्याची फार लाज वाटते…

ठराव मंजूर झाला, तरी प्राचार्यांनी तिला ती साधनं वापरून शिकवायची एका वर्गापुरती, एका सत्रापुरती परवानगी दिली. अट अशी की तक्रार आली तर जबाबदारी तिची. तिनं मुलांना सांगितलं, मशीनकडून, म्हणजे त्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, मसुदा घ्या, खुशाल घ्या, पण मला दोन कागद द्यायचे. एक पत्र, आणि दुसऱ्या कागदावर मशीननं काय लिहिलं, तुम्ही काय बदललं, आणि पत्रातल्या प्रत्येक माहितीची कुणाला विचारून खात्री केली. तो दुसरा कागद ती पहिल्यापेक्षा बारकाईनं तपासायची. ‘माल आठवड्यात मिळेल’ असं कुणी लिहिलं की तिचा प्रश्न ठरलेला, “हे तुला कुणी सांगितलं?” मशीननं, असं उत्तर आलं की कागद परत. एकदा एका मुलानं तक्रार करणाऱ्या खऱ्याखुऱ्या बाईचं नाव, पत्ता, फोन नंबर सगळंच मशीनमध्ये घातलं. तिनं त्याला उभं केलं. “शहागंजच्या चौकात जाऊन ह्या बाईचा पत्ता मोठ्यानं वाचून दाखवशील का?” “नाही मॅडम.” “मग इथं का वाचलास? समोर कोण ऐकतंय ते दिसत नाय म्हणून?” त्यानंतर त्या वर्गात पत्रातली खरी नावं मशीनला कधी सांगितली गेली नाहीत.

त्याच सत्रात तिचा आजार कळला. कॅन्सर. उपचार सुरू झाले, केस गेले, तिनं डोक्याला ओढणी घट्ट बांधली आणि तास सोडले नाहीत. मी एक दिवस न बोलता चटणीची डबी तिच्यापुढे सरकवली. तिनं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, “चव लागत नाय गं. पन राहू दे इथंच.” आमचं बोलणं असं सुरू झालं.

पुढच्या वर्षी वैष्णवीला वाळूजच्या एका लहानशा कारखान्यात तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची जागा मिळाली. यंत्रांना लागणारे रबरी सील तिथं बनतात. तिसऱ्या महिन्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाची तक्रार आली की मालातले सील गळतात. कचेरीतल्या साहेबांनी फोनवरच मशीनकडून उत्तर लिहून घेतलं आणि वैष्णवीला पाठवून दिलं, हे टाईप करून लगेच धाड म्हणून. पत्र सुरेख होतं. त्यात लिहिलं होतं की या मालाची प्रत्येक टप्प्यावर कसून तपासणी झाली आहे. वैष्णवीचा हात थांबला. ती उठून कारखान्यात गेली आणि तपासणी विभागातल्या काकांना विचारून आली. ते म्हणाले, “तो माल बनला त्या दोन दिवशी तपासायचं मशीनच बंद व्हतं, पोरी. माल तसाच गेला.” ती साहेबांकडे परत आली आणि म्हणाली, “सर, हे खरं नाही. मी हे पाठवू शकत नाही.” साहेब म्हणाले, “मग उद्यापासून येऊ नको.”

तिनं फाटकाबाहेरून फरीदाला फोन केला तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. आदल्या दिवशीच फरीदाचे उपचार झाले होते, तिला धड उभं राहवत नव्हतं. ती म्हणाली, “सुनंदा, रिक्षा बोलाव.” मी म्हणाले, उद्या जाऊ. “उद्या पत्र गेलेलं असंल.” आम्ही गेलो. वाटेत तिला दोनदा उलटी झाली. कारखान्याचे मालक वयस्कर होते, सभ्य होते. फरीदानं साहेबांची तक्रार केली नाही. तिनं वैष्णवीला एक कोरा कागद दिला आणि तिथंच उत्तर लिहायला सांगितलं. वैष्णवीनं पाच ओळी लिहिल्या. या मालाची तपासणी झाली नव्हती, चूक आमची आहे, माल आमच्या गाडीनं परत नेतो, बदली माल तपासणीच्या अहवालासह देऊ, तारीख उत्पादन विभागाला विचारून उद्या कळवतो. मालकांनी वैष्णवीच्या फोनवरचं साहेबांचं पत्र आणि हे, दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. मग विचारलं, “मॅडम, गिऱ्हाईक तुटलं तर?” फरीदा म्हणाली, “पहिल्या पत्रानं आज नाय तुटणार. खरं कळंल त्या दिवशी तुटंल.” त्यांनी फोन वैष्णवीला परत दिला आणि तिचंच पत्र पाठवा म्हणाले.

चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाचं उत्तर आलं. तुमच्याकडून सरळ उत्तर आलं, व्यवहार चालू राहील, एवढंच. वैष्णवीला त्या कारखान्यात कायमची नोकरी लागली, आणि पुढच्या महिन्यात मालकांनी फरीदाला सगळ्या कचेरीला शिकवायला बोलावलं. ते साहेब पहिल्या रांगेत वही घेऊन बसले होते. चहाच्या वेळी ते वैष्णवीजवळ गेले आणि “चुकलं माझं” म्हणाले. कॉलेजात प्राचार्यांनी बंदीचा ठराव मागं घेतला आणि फरीदाचा दोन कागदांचा अभ्यास तिसऱ्या वर्षाच्या सगळ्या वर्गांना लागू केला. त्या बैठकीत मी उभी राहून म्हणाले की माझी पहिली सही चुकीची होती. फरीदानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर ओढणी धरून हसली. बाहेर आल्यावर म्हणाली, “क्या बात है सुनंदा, लिहून दे ते मला.” पुढचं सगळं वर्ष तिनं शिकवलं. उपचारांच्या मधल्या दिवसांत, बसून, आवाज जाईपर्यंत. जे करायचं होतं ते करून गेली ती.

ती गेल्यावर दोन आठवड्यांनी तिचा वर्ग माझ्याकडे आला. शोकसंदेश हा अभ्यासक्रमातलाच भाग. मुलांनी ठरवलं की आपण मॅडमच्या घरी खरा पाठवायचा. कुणीतरी सवयीनं मशीनकडून मसुदा काढला आणि वाचला. ‘त्या शांत स्वभावाच्या, सर्वांना मायेनं जवळ घेणाऱ्या होत्या.’ मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “मॅडम शांत नव्हत्या. मला दोनदा दारात उभं केलंय.” सगळे हसले, काही रडले, आणि मसुदा पुसला. मग त्यांनी स्वतः लिहिलं, एकेक ओळ एकमेकांना विचारून. दारातल्या दोन ओळी आल्या, मॅडमनी वैष्णवीची मागितलेली माफी आली. शेवटी लिहिलं, ‘मॅडम स्वतः दहावीला इंग्रजीत नापास झाल्या होत्या, तरी त्यांनी आम्हाला इंग्रजीची भीती वाटू दिली नाही.’ मी विचारलं, हे कुणी सांगितलं? सगळे एकदम म्हणाले, मॅडमनीच.

पत्र घेऊन मी आणि वर्गातली तीन मुलं शहागंजला गेलो. तिच्या अम्मींना डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून सलीमभाईंनी मोठ्यानं वाचलं. त्या ओळीशी ते थांबले. चष्मा काढला. “नापास? फरीदा? अरे, वो तो पूरे तालुके में पहिली आई थी इंग्रजीत.” अम्मी म्हणाल्या, “झूठी थी मेरी लडकी. बच्चों को हिम्मत आनी करके बोली होगी.” मुलं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांनी पत्र परत मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मुलं नवी प्रत देऊन आली. आता ते पत्र शहागंजच्या घरी, फरीदाच्या खोलीत, तिच्या टेबलावरच्या काचेखाली आहे. त्यातली शेवटची ओळ अशी आहे: ‘मॅडम इंग्रजीत तालुक्यात पहिल्या आल्या होत्या. आपण नापास झालो होतो असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. ते खरं नव्हतं, हे आम्ही त्यांच्या घरी विचारून दुरुस्त केलं आहे.’