शेठजींच्या घरची वीज

“जुनाले काय व्हयनं?”

नवी वस्तू मागणाऱ्याला शेठजी आधी हेच विचारायचे. “फेकी दिधं,” असं उत्तर आलं की घरातलंच काही हरवल्यासारखा त्यांचा चेहरा पडायचा. असा दुकानदार तुम्ही तरी पाहिलाय का?

शहाद्यात माझ्या औषधाच्या दुकानाला लागून त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठजी आमच्यासारखीच अहिराणी बोलायचे. डोंगरातल्या गावांना स्वस्तातले सोलर कंदील त्यांनीच विकले होते. एकदा ते तोरणमाळला गेले आणि येताना एक पोतं घेऊन आले. ओढ्यात टाकून दिलेले कंदील होते त्यात, बॅटऱ्या फुगून फुटलेल्या.

“हाई बठ्ठं मीच इकेल शे,” हे सगळं मीच विकलेलं, एवढंच म्हणाले. रात्री जेवले नाहीत.

त्यानंतर दुरुस्त होणार नाही असा माल त्यांनी ठेवला नाही. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात वळलं. मुलगा भांडला आणि बायकोपोरांना घेऊन सुरतेला गेला. शेठाणी त्याआधीच वारल्या होत्या.

मग शेठजींनी गच्चीवर सोलरच्या प्लेटा बसवल्या. मी विचारलं, “एकट्याला एवढी वीज कशाला?”

“कोनी उनं तं?” कुणी आलं तर, म्हणे.

डोंगरात जाणाऱ्या जीपगाड्या आमच्या दारातच भरायच्या. शेठजींनी बाकडं टाकलं, चार्जिंगचा बोर्ड लावला. सगळं फुकट. माणसं बसायची, शेठजी चहा मागवायचे, यंदा मोहाची फुलं किती पडली ते विचारायचे. कुणी मोबाइल काढायला उठलं की म्हणायचे, “ऱ्हाऊ दे, आजून भराना शे.” मी डोकावून पाहायचो, तो केव्हाच भरलेला असायचा.

पुढे बाजारात स्वस्त पॉवर बँक आल्या. ज्याच्या त्याच्या खिशात एक. बाकड्यावर कुणी बसेना. शेठजी तरी ते रोज पुसायचे आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन विचारायचे, “तुन्हा मोबाइल चार्जिंगले लाई देऊ का?” मी द्यायचो.

गेल्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. सुरतेहून मुलगा यायचा होता. गल्लीतली वीज गेलेली, ऊन मी म्हणत होतं. शेठजींच्या घरात तेवढे पंखे चालू होते. वाट बघत सगळी गल्ली आत येऊन बसली. बायका, पोरं, समोरचा दुकानदारसुद्धा. बसायला जागा उरली नाही. त्या घरात इतकी माणसं मी पहिल्यांदाच पाहत होतो.