मरोद्याचा निळा दगड

"सुकू दे, मंग सांग."

आमच्या सेक्टरमध्ये हे वाक्य ज्यांनी ऐकलं नाही, ते एकतर नवीन राहायला आलेले असावेत किंवा ठार बहिरे. काकाजींच्या हातात ओला दगड असायचा, बघणारा 'वा' म्हणायला तोंड उघडायचा आणि तेवढ्यात काकाजी तो दगड बनियनला पुसून उन्हात ठेवून द्यायचे. ओला केला की कोणताही गोटा देखणा दिसतो. वाळल्यावरही जो तसाच दिसेल त्यालाच पॉलिश झालं म्हणायचं, असं त्यांचं मत होतं.

हा नियम त्यांनी दगडांपुरता ठेवला नव्हता. शेजारच्या मुलीला स्थळ आलं, मुलगा कसा वाटला? "सुकू दे, मंग सांगतो." प्लांटमध्ये नवा साहेब आला, भाषण फार गोड झालं म्हणे. "सुकू दे." मी लग्न होऊन भिलाईला आले तेव्हा माझ्याबद्दलही त्यांनी काकूंना हेच सांगितलं होतं. मी सुकून पास झाले की नाही, ते मात्र मला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही.

काकाजी आमच्या भिंतीपलीकडचे शेजारी. वर्धेकडच्या एका खेड्यातून ऐन विशीत इकडे आले, पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीवर, लागले आणि तिथूनच रिटायर झाले. माझे वडील गोंदियाला रेल्वेत होते, त्यामुळे बोली जुळली. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. दिवसभर हिंदीत बोलून जीभ आंबली की संध्याकाळी भिंतीपाशी जाऊन उभी राहायची. पलीकडून "जय भीम, मॅडम, आज कोनाले मारलं?" अशी चौकशी व्हायची. मी कधीच कोणाला मारलेलं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

लोक गावाहून येताना तूरडाळ आणतात, कुरडया आणतात. काकाजी गोटे आणायचे. नदीच्या पात्रातून, नांगरलेल्या वावरातून वेचलेले, वरून अगदी बटाट्यासारखे. पण कापले की आत पट्टेच पट्टे: दुधी, तपकिरी, मधासारखे. ते अगेट. आणि जे विटेसारखे लाल किंवा मोहरीसारखे पिवळे निघत, ते जास्पर. गावात दोघांनाही गारगोटीच म्हणतात. एकदा गाडीत कोणी भला माणूस त्यांची पिशवी वर ठेवायला गेला आणि कंबर धरून खाली बसला. "चाचा, इसमें है क्या?" त्याने विचारलं. काकाजी म्हणाले, "गाव है."

हा शौक त्यांना नोकरीत असतानाच लागला होता. जुन्या कूलरच्या मोटरवर पट्टा चढवून त्यांनी एक यंत्र बनवलं होतं. दोन फिरत्या दांड्यांवर आडवा ड्रम, ड्रमला आतून रबर, त्यात दगड, पाणी आणि घासायची कार्बोरंडमची पूड. आधी जाडी, मग मध्यम, मग बारीक, आणि शेवटी चष्म्याच्या काचांना लावतात ती गुलाबी पावडर. एकेका पुडीला एकेक आठवडा, दिवसरात्र. वीज गेली आणि ड्रम थांबला की काकू म्हणायच्या, "कान दुखून राह्यले शांततेनं."

पूड बदलताना काकाजी एकेक दगड दात घासायच्या जुन्या ब्रशने धूत. "जाड्या पुडीचा एक दाना राह्यला त पूरा महिना गेला," असं म्हणत. आणि ड्रम चालू असताना स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक त्याच्या कठड्याला आणि दुसरं कानाला लावून ऐकत बसत. दगड घरंगळले पाहिजेत, आपटायला नकोत. आपटले की पाणी जास्त झालं. हे त्यांना आवाजावरून कळायचं. मला कधीच कळलं नाही, मी फक्त मान डोलवायची.

माझ्या हातून एक चूक झाली ती इथेच. एकदा त्यांनी ताटात मांडलेले दगड बघताना मी सहज विचारलं, "काकाजी, यातला भिलाईचा कोणता?"

"भिलाईत दगड कुठं राह्यतेत, बाई? भिलाईत दगड वितळवतेत," ते म्हणाले. आम्ही दोघंही हसलो.

पण तो प्रश्न त्यांच्या मनात रुतून बसला. चार दिवसांनी भिंतीपलीकडून एकाएकी म्हणाले, "माही दोनी पोरं इथंच झाली. सारी जिंदगी इथं गेली. अन् इथला एक दगड नाई माह्याजवळ. हे बरोबर नाई."

मग शोध सुरू झाला. स्कूटर काढायची आणि दिसेल तिथे थांबायचं. शिवनाथ नदीच्या काठावरचे गोटे आणले, ते आठ दिवसांत खडूसारखे झिजून गेले. लाल मुरमातले खडे टाकले, तर ड्रममध्ये नुसता लाल काला झाला. काकूंनी तो मोरीत ओतला, तो तिथेच जमला आणि मोरी उघडायला माणूस बोलवावा लागला. त्यावर काकूंनी जे काही ऐकवलं ते आमच्या स्वयंपाकघरापर्यंत स्पष्ट आलं. काकाजींचा आवाज काही आला नाही.

सेक्टरच्या फुलांच्या प्रदर्शनाला दोन-अडीच महिने उरले असतील. त्या वर्षी समितीने पहिल्यांदाच फुलांशेजारी छंदांसाठी एक टेबल द्यायचं कबूल केलं होतं. तेवढ्यात एके दुपारी काकाजी भिलाईतल्याच मरोदा भागातून आले आणि स्कूटर स्टँडवर न लावताच भिंतीशी आले. हातात एक मुठीएवढा दगड. त्यांनी त्यावर जीभ फिरवली आणि माझ्यापुढे धरला. निळा. मोरपंखाच्या कडेला असतो तसा हिरवट निळा, आणि त्यात पांढऱ्या लाटा.

"मरोद्याचा हाय," ते म्हणाले. "सडकेच्या भरावात पडला होता. एवढे वर्स मी त्यावरूनच गेलो असन."

सुकू दे, असं त्या दिवशी ते म्हणाले नाहीत.

त्या दगडासाठी ड्रम रिकामा केला. "हा नाजूक हाय, अगेटच्या संगतीत मरून जाईन," म्हणून सोबतीला चामड्याचे तुकडे टाकले. दीड महिना तो एकटा फिरला. बाहेर काढला, वाळवला, आणि वाळल्यावरही तो तसाच निळा. काकाजी माझ्याकडे घेऊन आले. "तू सायन्सची हायस. जरा भिंगातून पाह्य."

मी पाहिलं. कडेला, पांढऱ्या लाटेच्या खाली, बारीक बुडबुडे होते. मण्यांसारखे गोल. असे बुडबुडे अगेटमध्ये नसतात. वितळून गार झालेल्या वस्तूत असतात. मला तिथल्या तिथे कळलं की हा दगड नाही.

मी मान वर केली. ते माझ्याकडे पाहत होते. दहावीचा निकाल बघायला आलेली मुलं जशी उभी राहतात तसे उभे होते, सत्तरीला टेकलेला माणूस. मी म्हटलं, "सुंदर आहे, काकाजी." खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं, आणि मला ते आजही बोचतं.

प्रदर्शनात टेबलाच्या मधोमध तो निळा दगड, भोवती गावचे सगळे अगेट आणि जास्पर. निळ्यापुढे कार्ड, काकाजींच्या टपोऱ्या अक्षरात: 'अगेट. मरोदा, भिलाई.' काकाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाजूला उभे. जो येईल त्याला आधी तोच दाखवायचे. "ये अपना यहाँ का है." निम्म्या सेक्टरला त्या दगडाची गोष्ट आधीच पाठ झाली होती.

परीक्षक म्हणून भूगर्भशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. भला माणूस. त्यांनी गावचे दगड एकेक करून पाहिले, मनापासून तारीफ केली. निळा हातात घेतला, खिशातलं भिंग काढलं.

"भैया, बुरा मत मानिए," ते हळू आवाजात म्हणाले. "ये पत्थर नहीं है. स्लैग है. ब्लास्ट फर्नेस का."

हळू म्हणाले तरी आजूबाजूला ऐकू गेलंच. मागून कोणीतरी हसत म्हणालं, "लो, काकाजी डेढ़ महीने से कचरा घिस रहे थे." स्लॅग म्हणजे लोखंड वितळल्यावर वर तरंगतो तो मळ. तो वेगळा काढून नेऊन ओततात. सडकांच्या भरावात घालतात.

 काकाजींनी तो दगड घेतला आणि उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. टेबलाभोवतीचं हसणं आपोआप थांबलं. मग ते बोलले. प्राध्यापकांशी बोलत होते, पण मराठीतच.

"पस्तीस वर्स मी याले रोज पाह्यलं, साहेब. माह्या हातानं तोंड उघडलं भट्टीचं, माह्यासमोरून वाह्यला हा. पन लालच पाह्यला. लाल, पातळ, डोये दिपवनारा. गाडीत पडला की गाडी जाये, मंग आमची दुसरी पाळी. थंडा झाल्यावर हा असा दिसते, हे मले आज मालूम पडलं."

प्राध्यापकांना किती समजलं कोण जाणे, पण त्यांनी हात जोडले.

मग काकाजींनी माझ्याकडे हात केला. "मॅडम, पेन दे."

माझ्या पर्समध्ये पेपर तपासायचं लाल पेन होतं. त्यांनी कार्डावरचं 'अगेट' खोडलं. मला वाटलं, कार्ड उचलून घेतील. त्यांनी वर लिहिलं, 'स्लॅग.' मग खाली, थोडा विचार करून: 'बनानेवाले: हम लोग.'

आणि ते पुन्हा टेबलाशेजारी उभे राहिले. खुर्ची दिली, बसले नाहीत. बातमी पसरली तसे भट्टीवरचे जुने लोक यायला लागले. कोणी काठी टेकत, कोणी सुनेच्या हाताला धरून. छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली, आमच्याकडचे. तो दगड हातातून हातात फिरत होता. एक म्हातारबाबा तो गालाला लावून म्हणाले, "कतेक ठंडा हे." सगळे हसले, आणि दोघा-तिघांनी डोळे पुसले. मला इतका अभिमान वाटला, की मी तिथून निघून डेलियांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. पहिलं बक्षीस डेलियालाच मिळालं, त्याची तक्रार नाही.

घरी येताना त्यांनी विचारलं, "तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग सांगतलं कावून नाई?"

मी पर्सची चेन उघडझाप करत चालत राहिले.

"मी म्हनतो, सुकू दे, मंग सांग," ते म्हणाले. "तू त सुकल्यावर बी नाई सांगतलं." मग दहा पावलं चालून झाल्यावर: "बरं केलं. अगोदर सांगतलं असतं त मी पॉलिशच केला नसता."

पुढे दोन वर्षांनी, रिटायर झाल्यावर भाड्याने ठेवलेली त्यांची क्वार्टर सोडायची मुदत आली. गावाकडे घर बांधून झालं होतं. सामान ट्रकमध्ये भरत होते, काकू भांडी मोजत होत्या. काकाजी मात्र अंगणात उकिडवे बसून फुलांच्या आळ्याभोवती एकेक दगड लावत होते. सगळे अगेट, सगळे जास्पर. इतक्या वर्षांचे.

"हे नेत नाही तुम्ही?" मी विचारलं.

"गावचे दगड गावाले कायले नेऊ? तिथं भरले हायेत."

त्यांनी शर्टाचा खिसा थोपटला. खिसा एका बाजूला जड होऊन लोंबत होता. "हा तेवढा नेतो," म्हणाले. "लोकाईले दाखवाले पाह्यजे ना, आपलं गाव कसं हाय ते."

त्यांच्या क्वार्टरमध्ये आता एक तरुण जोडपं राहतं, बिहारकडचं. परवा त्यातली मुलगी आळ्याला पाणी घालून भिंतीशी आली. म्हणाली, "आंटी, ये पत्थर तो सूखने के बाद भी गीले जैसे लगते हैं. कहाँ के हैं?"

मी वर्धेचं नाव घेणार होते. नदी, वावर, पिशवी, सगळं तोंडावर आलं होतं.

"यहीं के हैं," मी म्हटलं.