तिथंच रा

आमच्या वन्संइतकी संकटांची काळजी वाहणारी बाई अख्ख्या नगर जिल्ह्यात झाली नसेल. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं, आणि जगातली यच्चयावत संकटं आपल्या पोरींसाठीच दबा धरून बसली आहेत असं मानून आयुष्य काढलं. गळ्यात दागिना एकच, पोलिसी शिट्टी. फाटकाशी बोरंवाली बसली की आधी वन्सं बोरं खाऊन बघणार, मग स्वतःच्या पोटाकडे लक्ष ठेवून बसणार, आणि तोवर मधली सुट्टी संपलेली. आमची सहल भंडारदऱ्याला गेली तेव्हा एकाही मुलीला धरण धड दिसलं नाही, कारण वन्संनी सगळ्यांना पाण्याकडे पाठ करून बसवलं होतं. एसटीत चढलं की त्यांची गर्जना ठरलेली, "खिडकीबाहेर हात काढाल तर घरी बिनहाताच्या जाल!" मी त्याच शाळेत भूगोल शिकवत असे, त्यामुळे माझं घरी आणि शाळेत असं दोन्हीकडे रक्षण होई. कधी कधी या रक्षणाचा इतका वीट यायचा की बोलायची सोय नाही.

सत्तर सालानंतर कधीतरी शाळेत टेलिफोन आला आणि वन्संना जन्माचं कार्य सापडलं. ऑफिसातल्या टेबलावर त्यांनी त्याला क्रोशाची टोपडी घातली, शिवणाचा वर्ग ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात हलवला आणि प्रार्थनेनंतर जाहीर केलं की वाटेत कुणालाही काही अडचण आली तर फोनवाल्या दुकानात शिरायचं आणि शाळेला फोन करायचा. दुकानदार सहजी तयार होईनात. वन्सं प्रत्येकाच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि तो हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत. गिऱ्हाइकं परत जायला लागल्यावर सगळे हो म्हणाले.

आमच्या निम्म्या मुली तोफखान्याकडच्या तेलुगू विणकरांच्या. नुकत्या गावाकडून आलेल्या काहींना तर मराठी जेमतेमच येई. घाबरलेली पोर आईच्याच भाषेत बोलणार, म्हणून वन्सं पन्नाशीत तेलुगू शिकायला बसल्या. गुरू म्हणजे त्यांच्याच विद्यार्थिनी. काजं करता करता एकीनं 'वद्दु' म्हणजे 'नको' शिकवावं, दुसरीनं 'नान्ना' म्हणजे वडील. फोन वाजला की वन्सं झेप घेत आणि ओरडत, "शाळा! बोल पोरी! चेप्पु बिड्डा!" त्यांचा आवाज असा की पलीकडच्याला यंत्राची गरज नव्हती, खिडकी उघडली असती तरी भागलं असतं.

सुरुवातीला यायचे ते फोनही असे तसेच. एकीनं विचारलं, "बाई, उद्या सुट्टी आहे का?" वन्सं म्हणाल्या, "आधी संकट सांग." ती म्हणाली, "गणिताची परीक्षा." शिक्षकांच्या खोलीत आम्ही पोट धरधरून हसायचो. वन्सं हसत नसत. "येईल," म्हणायच्या, "खरा फोन येईल."

तो आला एका दुपारी. मधल्या सुट्टीत घरी जेवायला गेलेली नरसम्मा परत आली नव्हती. ही गावाहून नवीन आलेली, आठवीतली, कुणी हाक मारली तरी दचकणारी मुलगी. फोन वाजला तेव्हा मी शेजारीच उभी होते. सुताच्या दुकानातून ती रडत तेलुगूत बोलत होती. वन्संना चार शब्द कळले आणि तेवढे पुरे होते: कुणी एक माणूस आला आहे, नान्ना मागावरून पडले म्हणतो आहे, माझ्याबरोबर चल म्हणतो आहे.

"वद्दु!" वन्सं किंचाळल्या. "त्याच्याबरोबर वद्दु! तू तिथंच रा! रा! रा!"

फोन खटकन बंद झाला.

रस्ता ओलांडताना दोनदा डावीकडे आणि दोनदा उजवीकडे बघायला लावणाऱ्या वन्सं त्या दिवशी टांग्यांमधून सरळ धावत सुटल्या. मी मागे. दुकानात गर्दी होती. दुकानदार म्हणाला, "आत्ता हुती की हितं. गेली वाटतं."

"आणि तो माणूस?"

"त्यो बी न्हाई."

वन्संचा चेहरा पांढराफटक पडला. तिथून आम्ही तिच्या घरी गेलो. बोळातूनच मागाची खटखट ऐकू आली. नरसम्माचे वडील धडधाकट, मागावर बसलेले. म्हणजे तो माणूस खोटं बोलला होता. वन्संनी कसंबसं सगळं सांगितलं. वडील उभे राहिले. हातातला धोटा गळून पडला.

"तुमी तिला काय बोलला, बाई?"

"तिथंच रा म्हणाले हो मी. नीट सांगितलं होतं, तिथंच रा."

"रा?" ते ओरडलेच. "आमच्यात रा म्हंजी ये! तिला मराठी कुठं येतंय अजून? तुमी तिला बोलावलं, बाई!"

आम्ही शाळेकडे परत धावत सुटलो. ती निघाली असेल, पण पोचली असेल का? वाटेत एकटी, आणि तोही बाहेरच. वन्सं शिट्टी तोंडात धरून धावत होत्या, पण ती वाजवायला त्यांच्यात दम उरला नव्हता.

नरसम्मा मागच्या बोळानं येऊन ऑफिसात टेलिफोनच्या टेबलाखाली बसली होती, क्रोशाची टोपडी मुठीत घट्ट धरून. वन्संना बघून म्हणाली, "मीरु रा अन्नारु." तुम्ही ये म्हणालात.

तो माणूस कोण होता ते कधीच कळलं नाही. आम्ही सगळ्यांनी वन्संची वाहवा केली, पण त्या दिवशी त्यांना सुईत दोरा ओवता येईना. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "सुमन, ती माझ्या शहाणपणानं नाही गं वाचली. माझ्या चुकीनं वाचली. वाटेत गाठलं असतं त्यानं तर?" त्यानंतर 'रा' काय, 'राहा'सुद्धा त्यांच्या बोलण्यातून गेलं. पाहुण्यांना जेवायला राहा म्हणायचं तर "जेवणापर्यंत थांबावं" म्हणत, आणि पाहुणे गोंधळून लगेच उठत. तेलुगू मात्र त्या पुन्हा पहिल्यापासून शिकल्या, यावेळी नरसम्माकडून.

नरसम्मा अकरावीला गेली त्या वर्षी वन्सं निवृत्त झाल्या. कोल्हारला धाकट्या बहिणीला सोबत नव्हती, म्हणून तिकडे निघाल्या. इतकी वर्षं त्यांच्या कटकटीला कंटाळलेली मी, त्यांची ट्रंक टपावर चढली तेव्हा मला घरी जावंसंच वाटेना. स्टँडवर मुलींची ही गर्दी. नरसम्मा खिडकीचा गज धरून उभी होती. आता ती नगरच्या कुठल्याही पोरीसारखं मराठी बोलायची, तरी त्या वेळी तिला एकच शब्द फुटला.

"बाई, रा."

वन्सं खिडकीशी वाकल्या. "कुठल्या भाषेत गं?"

"दोन्ही," ती म्हणाली आणि रडायला लागली.

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली, आणि साऱ्या शाळेला बिनहाताची होण्याचं भय घालणाऱ्या आमच्या वन्संनी आपला हात पार खांद्यापर्यंत खिडकीबाहेर काढला. हात हलवत त्या काहीतरी ओरडत होत्या. गाडी वळेपर्यंत ओरडत होत्या. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि वन्संचं बोलणं ऐकू न येण्याची ती पहिलीच वेळ होती.