अक्कलदाढेवरची गाडी

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, लोकांचे दात बनवतात. दातांचे डॉक्टर नाहीत ते. डॉक्टर तोंडात हात घालतो, माप घेतो आणि 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतो. त्या पुढच्या आठवड्यापर्यंत एका खोलीत मान मोडून बसून जो माणूस कॅप नाहीतर कवळी घडवतो, ते आमचे भाऊजी. पेशंट हसतो भाऊजींच्या दातांनी आणि आभार मानतो डॉक्टरचे. मी त्याच लॅबमध्ये आहे. तयार दात डब्यांत भरून दवाखान्यांना पोचवायचे, हे माझं काम. नोकरी भाऊजींच्या शब्दामुळे लागली, हे ताई मला विसरू देत नाही.

लॅबमधलं खिडकीजवळचं टेबल भाऊजींचं. तिथे उजेड चांगला येतो. ओली पांढरी भुकटी बारीक कुंचल्याने धातूच्या टोपीवर थरावर थर चढवायची, भट्टीत भाजायची, घासायची, पुन्हा चढवायची. दात नुसता पांढरा असून चालत नाही. शेजारच्या जुन्या दातांशी त्याचं जमलं पाहिजे. भाऊजींचा दात इतका जमतो की डॉक्टर मंडळी 'खिडकीवाल्यांकडूनच करून पाठवा' असा निरोप देतात.

दुसरं टेबल दाराशी, नळाजवळ. ते प्लास्टरचं. तिथे मापांत प्लास्टर ओतायचं, वाळलं की काढायचं, बास. तिथे नवखे बसतात, नाहीतर हात गेलेले. भाऊजींना ज्यांनी काम शिकवलं ते मोठे काका आधी खिडकीपाशीच बसत. त्यांचा हात कापायला लागला तेव्हा मालकाने त्यांना काढलं नाही, प्लास्टरवर बसवलं. मालकाला वाटलं, आपण उपकार केले. काका संध्याकाळपर्यंत पांढरेफटक होऊन बसायचे, खिडकीकडे पाठ करून. काका गेले तेव्हा भाऊजी स्मशानातून परत येताना एवढंच म्हणाले, "आपल्या धंद्यात हात आहे तोवर माणूस आहे रे." मला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं होतं.

तर अशा माणसाला या वयात गाडीचा नाद लागला. गाडी म्हणजे रिमोटवर चालणारा ट्रक, मांजराएवढा. त्याला क्रॉलर म्हणतात. पळत नाही, रांगतो. मोठमोठाली चाकं, मऊ टायर, आणि काम एकच: दगडांवरून हळूहळू चढायचं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणालो, "भाऊजी, एवढे पैसे घालून गोगलगाय आणलीत?"

"पळायला अक्कल लागत नाही," भाऊजी म्हणाले. "तू पळतोसच की."

दुकानातून आणलेली गाडी त्यांनी आहे तशी एक दिवस ठेवली नाही. टायर सोलून आतला स्पंज कडेने कातरला, म्हणजे टायर दगडाला धरून बसेल. चाकांच्या आत शिसं ओतलं, म्हणजे वजन खाली राहील आणि गाडी उलटणार नाही. बॅटरी मागून उचलून पुढे नेली. आसाच्या दांड्या स्वतः वाकवून लांब केल्या. लोक या वयात गुडघ्यांना तेल लावतात, यांनी शॉकॲब्सॉर्बरमध्ये घट्ट तेल भरलं. आणि हे सगळं झाल्यावर केबिनमध्ये अंगठ्याएवढा ड्रायव्हर बसवला, लॅबमध्ये कवळीच्या हिरड्या करतात त्या गुलाबी मालाचा. त्याला बत्तीसच्या बत्तीस दात. भिंगातून मोजून घ्या, म्हणाले.

"नवऱ्याने माझी दाढ दोन वर्षं बघितली नाही," ताई म्हणाली, "आणि या मेल्याला सगळे दात."

त्यांच्या इमारतीच्या मागे एक जुनी भिंत पाडून टाकलेली आहे. तिचे दगड कुणी उचललेच नाहीत. रविवार सकाळ झाली की भाऊजी गाडी घेऊन तिथे. दगडांना नावंही दातांचीच. उभा टोकदार तो सुळा. दोन बसके ते दाढा. आणि सगळ्यांत मागे, भिंतीच्या कोपऱ्यात तिरका घुसलेला काळा दगड, ती अक्कलदाढ. ती अजून चढायची होती. या खेळात एक नियम असतो: गाडी अडो, उलटो, तिला हात लावायचा नाही. जे करायचं ते रिमोटने.

अक्कलदाढेच्या निम्म्यावर थांबावं लागतं. पुढचं चाक कुठे टेकवायचं ते बघायचं आणि मगच पुढे जायचं. आणि तिथे थांबलं की पुढची चाकं थरथरायची. डावी-उजवी, डावी-उजवी, अगदी बारीक. त्या थरथरीने टायर सुटायचा आणि गाडी घसरत खाली. चालताना काही नाही, उभी राहिली की सुरू.

"सर्व्हो गेला," भाऊजींनी निदान केलं. सर्व्हो म्हणजे पुढची चाकं वळवणारी लहान मोटर. तो असा थरथरतो कधीकधी, नादवाल्यांना माहीत असतं. भाऊजींनी सर्व्हो बदलला. थरथर तशीच. वायरी बदलल्या, मग गाडीतला सिग्नल पकडणारा डबा बदलला. मग म्हणाले, वरून विजेच्या तारा जातात त्यांचा त्रास असेल, आणि सगळ्या वायरींना चांदीचा कागद गुंडाळला. दर रविवारी नवीन संशयित. गाडी मात्र त्याच जागी थरथरायची आणि घसरायची.

मला गप्प बसवत नाही. म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं!"

भाऊजी हसले. ताई हसली नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी लहानपणी तिची पाटी फोडली होती तेव्हाही तसं बघितलं नव्हतं.

का, ते पुढच्या रविवारी कळलं. भाऊजींनी गाडी दाढेवर चढवून थांबवली. थरथर सुरू. "अगं, तू जरा रिमोट धर," ते ताईला म्हणाले. "काही करू नकोस, नुसता धर. मी सर्व्होला कान लावून बघतो." ते गुडघ्यांवर बसले आणि गाडीकडे वाकले.

मी ताईच्या मागे उभा होतो. तिने रिमोट घेतला, गाडी वळवायचं लहान चाक असतं रिमोटवर, त्यावर उजवा हात ठेवला, जसा भाऊजी ठेवत तसाच. गाडीची चाकं थांबली. अगदी गप्प. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत ताईने आपला हात हलवायला सुरुवात केली. मुद्दाम. थरथर, थरथर. गाडीची चाकंही हलायला लागली.

"अजून होतंय," ती म्हणाली. आवाज अगदी साधा.

"म्हणजे गाडीतच आहे," भाऊजी उठत म्हणाले. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड बघितला मी. "भारीतला सर्व्हो मागवतो आता. धातूच्या गिअरचा."

जिन्यात ताईने माझा दंड धरला. "तोंडातून एक शब्द काढलास तर बघ."

"कधीपासून?" मी विचारलं.

"टीव्ही बघताना हात मांडीवर असतो ना, तेव्हा अंगठा बोटावर घासत असतो. गोळी वळत असल्यासारखा. त्यांना कळत पण नाही. हाताने काही करायला गेले की थांबतं, हात नुसता टेकला की सुरू. म्हणून कामात दिसत नाही अजून." ती वर बघत राहिली. "मोठ्या काकांचं असंच सुरू झालं होतं. काकूंनी सांगितलं होतं मला."

"मग डॉक्टरकडे ने की."

"नेईन. पण आधी त्यांचं त्यांना कळू दे रे. मी कसं सांगू?" आणि तिथेच पायरीवर बसून रडली. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो, भाऊजी आले तर आधी मला दिसावेत म्हणून.

भारीतला सर्व्हो आला. पुढच्या रविवारी ताईला बरं नव्हतं, म्हणून दगडांपाशी मी आणि भाऊजी दोघंच. सर्व्होचा डबा त्यांच्या पिशवीत होता. सील तोडलेलं नव्हतं.

"बसवला नाहीत?"

"कशाला?" भाऊजींनी गाडी सुरू केली, आणि रिमोट शेजारच्या सपाट दगडावर ठेवून दिला. कुणाचाही हात नाही. गाडीची चाकं गप्प उभी. मग त्यांनी रिमोट उचलला, उजवा हात ठेवला. थरथर.

"तुझ्या ताईला खोटं बोलता येतं," ते म्हणाले. "खोटं थरथरता येत नाही. माझी थरथर बारीक असते. ती थंडी वाजल्यासारखी हलवत होती. मला वाकल्यावाकल्याच कळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"एवढी मेहनत घेत होती ती. म्हटलं, जाऊ दे. सर्व्हो मागवतो." ते हसले.

मग त्यांनी मला एक गंमत दाखवली. रिमोटमध्ये एक सोय असते. मधल्या जागी रिमोटचं चाक बारीकसारीक हललं तर ते मनावर घ्यायचं नाही, असं रिमोटला सांगून ठेवता येतं. भाऊजींनी ती वाढवत वाढवत नेली. हात थरथरत होता, पण गाडीला पत्ता नाही. "बघ," म्हणाले, "इतके रविवार गाडीला दोष दिला. शेवटी तिनेच सांभाळून घेतलं."

ताईला बरं वाटल्यावर आम्ही तिघं गेलो. गाडी दाढेवर चढली, निम्म्यावर थांबली. चाकं गप्प. भाऊजींनी सावकाश पुढचं चाक खाचेत टेकवलं. गाडी एका बाजूला इतकी कलली की मी हात पुढे केला. "हात नाही!" भाऊजी ओरडले. मागच्या चाकाने दगड धरला, शिशाचं वजन कामाला आलं आणि गाडी दमादमाने वर गेली. अक्कलदाढेवर उभी राहिली, आतला बत्तीशीवाला ड्रायव्हर हसतोय. ताईने टाळ्या वाजवल्या. "बघा, सर्व्होच होता ना!" ती म्हणाली. "सर्व्होच," भाऊजी म्हणाले. हात रिमोटवर थरथरत होता आणि आम्ही तिघंही गाडीकडेच बघत होतो.

सोमवारी मी लॅबमध्ये डबे घ्यायला गेलो तर खिडकीजवळची खुर्ची रिकामी. भाऊजी दाराशी, नळाजवळ, मापांत प्लास्टर ओतत होते. मालक कमरेवर हात ठेवून उभा.

"अहो, इथे कशाला बसलात? हे काय तुमचं काम आहे का? तिकडे कॅपा पडल्यात."

"गाडीच्या नादाने लक्ष लागत नाही हल्ली," भाऊजी म्हणाले. "एखादा दात बिघडायचा उगाच. त्यापेक्षा हे बरं."

"विकून टाका ती गाडी," मालक म्हणाला. मला त्याचा गळा धरावासा वाटला. भाऊजींनी नुसती मान हलवली. मी जवळून जाताना हळूच म्हणाले, "अजून एक पण दात बिघडला नाही माझ्या हातून. असाच उठलेला बरा." ते खिडकीकडे पाठ करून नव्हते बसले. तोंड करून बसले होते. मला ते जास्त लागलं.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबरच घरी गेलो. ताईने दार उघडलं. लॅबमधून येणारा नवरा तिने वर्षानुवर्षं बघितलाय. खिडकीजवळच्या कामाची भुकटी नखांत असते, कपड्यांवर नसते. आज शर्ट कोपरांपर्यंत पांढरा होता, केसही. ती बघत राहिली. मग तिने त्यांचा शर्ट काढून घेतला, गॅलरीत जाऊन झटकला. बराच वेळ झटकत होती. आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, प्लास्टर गेलं असेल म्हणा.

"अहो," ती म्हणाली, "गाडी परत बिघडली का?"

"हो गं," भाऊजी म्हणाले. "तेच झालंय."

ती त्यांच्या शेजारी बसली, त्यांचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. "मग उद्या दोघं जाऊ आणि दाखवून येऊ," ती म्हणाली.