ब्रेकमधलं औषध

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. घरातही नाही. तुम्हाला सांगायला बसलो आहे खरा — पण सुरुवात कुठून करावी?

पिंपरीच्या एका कारखान्यात मी कामगार खात्यात होतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या शाळेत शिकलेल्या मला साहेबांनी वशिल्याशिवाय नोकरी दिली होती. ते उपकार मी कधी विसरलो नाही. विसरायला हवे होते, असंही कधी वाटतं.

तेव्हा कामगारांच्या पगारातून विम्याची वर्गणी कापली जाई आणि उपचार सरकारी विमा दवाखान्यात होत. तिथे रांगा फार, औषधं कमी. कंपनीनं ठरवलं — या योजनेतून सूट घ्यायची आणि खासगी डॉक्टर नेमायचा. त्या खर्चावर करात सवलत मिळे, म्हणजे थोडा भार सरकारच उचलणार होतं. फक्त कामगारांची संमती हवी होती. त्यांच्याशी बोलायला साहेबांनी मला उभं केलं.

एक गोष्ट मला ठाऊक होती. हंगामी कामगारांना कायम करावं लागू नये म्हणून कंपनी त्यांना मधेच घरी बसवी आणि काही दिवसांनी परत घेई. त्याला सगळे ब्रेक म्हणत. वर्गणी भरलेली असली, तर विम्याच्या दवाखान्यात ब्रेकमध्येही उपचार मिळत. खासगी डॉक्टर मात्र कामावर असेपर्यंतच. हे बोलू नकोस, असं मला कुणी बजावलं होतं का? नाही. ते मी आपणहून ओळखलं.

कँटीनमध्ये शिवराम उठला. चाकणकडचा हंगामी कामगार, दापोडीत माझ्याच शेजारच्या खोलीत राहणारा.

"भाऊ, तुमी शिकल्यालं. ब्रेक दिल्यावर डाक्टर वळखंल का आमाला?"

"वळखंल की! आदी तुजं पाकीट वळखंल!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. साहेब माझ्याकडे पाहत होते.

"उपचार चालूच राहतील," मी म्हणालो.

सगळ्यांनी हात वर केले. शिवरामनंही.

पुढे त्याला क्षय झाला. कंपनीच्या डॉक्टरनं इंजेक्शनं सुरू केली आणि मधेच ब्रेक आला. इंजेक्शनं बंद. विम्याच्या दवाखान्यानं, तुमच्या कारखान्याला सूट आहे, म्हणून परत पाठवलं. तो माझ्या दारात आला.

तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं — नाही का? सरकारी क्षय रुग्णालयात फुकट उपचार होते. पण तिकडे पाठवायचं म्हणजे कँटीनमध्ये मी खोटं बोललो होतो, हे कबूल करायचं. मी म्हणालो, "थोडा थांब. साहेबांच्या कानावर घातलंय." घातलं नव्हतं. नंतर प्रत्येक वेळी तेच सांगितलं. भिंतीपलीकडून त्याचा खोकला मला ऐकू येत असे. तो थांबला. माझ्या शब्दावर थांबला. शेवटी रुग्णालयात नेला तेव्हा फार उशीर झाला होता.

खोली सोडून गावी जाताना त्याची बायको मला भेटायला आली. म्हणाली, "भावजी, ह्ये सारखं म्हनायचे — कंपनीनं न्हाई ऐकलं, पर भाऊनं लई खटपट केली."

मी म्हणालो, "असू द्या, वहिनी."