सहावी खाच

तांड्यावरच्या जमनाबाईनं रिकामी बाटली माझ्या टेबलावर ठेवली.

"सहा डोस म्हन्ले होते तुमी. पाचच निघाले. पोरगी खोकलूनच राह्यली."

"तुम्ही मोठा डोस दिला असेल."

"पट्टी पाहूनच देल्ला."

साठ सालच्या आसपासची गोष्ट. नेरजवळच्या एका गावात मी कंपाउंडर होतो. बाटली पेशंटनं घरूनच आणायची. तेलाची, अत्तराची, कशाचीही. ती नुसती बघून किती औंस मावतील ते मी ठरवायचो, औषध भरायचो आणि वर खाचा पाडलेली कागदाची पट्टी डकवायचो. एक खाच म्हणजे एक डोस. मापाच्या खुणांचा मेजर ग्लास होता, पण गर्दीत त्याला कोण हात लावतो? माझ्या नजरेवर माझा फार भरवसा. या बाटलीचा तळ मात्र आत दबलेला निघाला. सहाव्या खाचेमागं औषध नव्हतंच, काच होती.

नव्या डॉक्टरसाहेबांनी बाटली उलटी करून पाहिली.

"हे काय अंदाजपंचे दाहोदरसे चाललंय? तुम्हाला कायम करायचा कागद माझ्याकडे आलाय. त्यावर हेच लिहू?"

तीन वर्षं मी कच्च्या नोकरीत होतो. तरी जीभ घसरलीच.

"साहेब, एक बाटली चुकली. गावातलं कोणतंही भांडं आणा, बघून औंस सांगतो."

"एकही चुकलं तर शेरा वाईट जाईल."

शिपाई शामराव पिशवी घेऊन घरोघर फिरून आला. परीक्षा सुरू झाली. दिवली, एक औंस. साहेबांनी पाणी भरून ग्लासात मोजलं. बरोबर. तान्ह्या पोराला दूध पाजायचं बोंडलं, दोन औंस. तेही बरोबर. चुन्याची डबी तर मी ड्रॅममध्ये सांगितली. ड्रॅम म्हणजे औंसाचा आठवा भाग. औषधासाठी थांबलेली जमनाबाईसुद्धा मान डोलवायला लागली.

शेवटी पितळी पेला आला.

"पाच औंस," मी हातही न लावता म्हणालो.

साडेआठ निघाले.

"साहेब, असा पेला या गावातला नाहीच. कुठून तरी बाहेरून आणलाय."

शामराव खाली बघत म्हणाला, "भाऊ, तुमच्याच घरचा हाय. वयनीनं देल्ला. तुमी याच्यातच तर चहा पेता."

साहेबांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा?"

"चारदा. पण थोडाच असतो, साहेब."

जमनाबाईनं पदर तोंडाला लावला. "आता समजलं मले. दुसऱ्याले देतानी यायले जास्त दिसते, सोताले घेतानी कमी."

साहेब खुर्चीत मागं रेलून हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली मान घालून मी जमनाबाईचे सहा डोस ग्लासानं मोजले. तिनं ते माझ्यासोबत मोठ्यानं मोजले.

शेरा मी चोरून वाचला. "मेजर ग्लास हातात दिल्यास माणूस चांगला आहे. कायम करावे."

पुढच्या महिन्यात कायम झालो. नजर कितीही पक्की असो, नोकरी कच्ची असेपर्यंत मोजून घ्यावं.