बसून विचारणारे सर

मी आज सरकारी कचेरीत पाहणीचीच नोकरी करतो ती कुणामुळे, असं विचारलं तर मी पाहणीवाल्या सरांचं नाव घेतो. सरांनी कुणालाही उभ्यानं प्रश्न विचारलेला मी पाहिला नाही. दारात गेले की चप्पल काढायची, उंबऱ्याशी मांडी घालायची आणि मगच तोंड उघडायचं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बायका त्यांना ‘कूसुन्न सारू’ म्हणत. म्हणजे बसलेले सर.

मी मंगळवेढ्याहून कॉलेजात आलेला. आमच्या घरात मॅट्रिकपुढं कुणी गेलं नव्हतं. सर अर्थशास्त्र शिकवत. बहात्तरच्या दुष्काळानंतर तेलंगणातून पूर्व भागातल्या विणकरांचे आणखी नातलग शहरात येत होते. पुढच्या खोलीत माग, मागाशेजारीच अंथरूण, असे संसार. व्यापाऱ्यांच्या नवी पेठेत लोक म्हणत, ही मंडळी फार वाढली. मग शहरातल्या एका समितीनं सरांकडं पाहणी सोपवली. वस्ती किती वाढली आणि लोकांचं बरं चाललंय का, ते बघायचं. काम करणाऱ्या बायका पुरेशा निघाल्या तर समिती तिथं पाळणाघर काढणार होती. सर आम्हां विद्यार्थ्यांना म्हणाले, “माणसं वाढली हे कुणीही मोजेल. ती सुखात आहेत का, हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.”

आम्ही मात्र उभ्याउभ्याच विचारत सुटलो. गल्लीमागून गल्ली बायका सांगत, काम नाही, घरीच असतो. सरांनी आमचे कागद वाचले. रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते आम्हांला घेऊन बालम्माच्या दारात जाऊन बसले. तिच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवलेली टेंभुर्णीची पानं. पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. बोटं एकदाही थांबत नव्हती. तिची रांगती पोर सुपाला धरून उभी राहायची, खोकायची, पुन्हा बसायची.

सरांनी तेलुगूत विचारलं, काम काय करतेस?

“पनि लेदु, सारू.” काम नाही.

“मग हे काय आहे?”

ती हसली. शेजारणीकडं बघून म्हणाली, “अय्यो, इदि पनि कादु सारू. इदि बीडी.” हे काम नव्हे, ही विडी.

शेजारणीही हसल्या. सरही हसले. परतताना त्यांनी मला विचारलं, “तुझी आई काय करते रे?”

“काही नाही सर, घरीच असते.”

“मग मंगळवेढ्यात ज्वारी कोण काढतं?”

माझी आई पहाटे रानात जायची ती दिवेलागणीला परतायची.

सरांनी सगळ्या वस्तीची पाहणी पुन्हा करायची ठरवली. निवृत्ती जवळ आलेला माणूस, वर सोलापूरचं ऊन, आणि ते दारोदार मांडी घालून बसलेले. आता कुणी ‘काम करता का’ असं विचारत नव्हतं. सकाळपासून काय काय केलं, एवढंच विचारायचं. माग सुताअभावी बंद पडला तरी चूल कशावर पेटते, ते त्यातून आपोआप कळायचं. विणकरांच्या पोरांकडून सर नवे तेलुगू शब्द शिकत आणि त्यांच्याकडून चुका काढून घेत. इतका मोठा माणूस पोरांसमोर इतका लहान होतो, याचं मला फार नवल वाटे.

समितीचे अध्यक्ष नवी पेठेतले कापडवाले शेठ होते. अहवाल ऐकून ते म्हणाले, “मान्य सर, बाया काम करतात. पण घरातच ना? पोर शेजारीच असतं. मग पाळणाघर कशाला?”

“शेजारी असतं म्हणूनच,” सर म्हणाले. “तुम्ही एक दुपार येऊन बसा की तिथं.”

शेठ आले. धोतर सावरत बालम्माच्या उंबऱ्याशी बसले. पोरीनं सुपात हात घातला आणि तोच तोंडात घातला. शेठ “अगं, अगं” म्हणेपर्यंत तंबाखूची धूळ त्यांच्या घशात गेली आणि ते खोकत रस्त्यावर आले. पाणी पिऊन झाल्यावर हळूच म्हणाले, “सर, खोली बघा.”

खोली मिळेपर्यंत सर निवृत्त होऊन कोकणात आपल्या गावी गेले. स्टँडवर मी पाया पडलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, “तेवढं उघडलं की कळव.” मी पाठवलेलं पत्र असं होतं:

“गुरुवर्य सरांस, सादर नमस्कार.

आज पाळणाघर उघडलं. शेठ येऊन नारळ फोडून गेले. बालम्मानं पोरीला सगळ्यांत आधी आणलं. बाकीच्या बायकाही आल्या, पण पोरांना आत ठेवून घरी जाईनात. सुपं घेऊन सगळ्याजणी समोरच्या लिंबाखाली बसल्या आहेत. पोरं सांभाळायला ठेवलेल्या मावशी चिडल्या आहेत. म्हणतात, यांना हितंच बसायचं तर मी कशाला? थोडे दिवस जाऊ द्या, असं मी त्यांना सांगितलं आहे.

हे पत्र मी पाळणाघरातच बसून लिहितो आहे. पोरं झोपली आहेत. बराच वेळ झाला, कुणी खोकलेलं नाही.

आपला विद्यार्थी”